जास्तीचं मीठ

नाथाभाऊंच्या मनगटावरच्या पट्ट्याने दोनदा चुगली केली होती. तिसरी केली की त्यांना घर सोडून पुण्याला जावं लागणार होतं.

पट्टा त्यांच्या मुलाने, शेखरने बांधला होता. आईचं तेरावं झालं, तरी आप्पा नाशिक सोडायला तयार होईनात, तेव्हा त्याने अट घातली. "हा तुमची नाडी, झोप, हालचाल बघतो. पहिले पंधरा दिवस तुमचं नेहमीचं वागणं शिकून घेईल. नंतर काही वेगळं दिसलं, की मला आणि पट्ट्याच्या कंपनीला कळवेल. तीनदा कळवलं, तर तुम्ही माझ्याकडे यायचं. कायमचं."

"आणि घर?"

"कुलूप लावू."

स्वयंपाकघरात बायकोने, मंगलाबाईंनी लावलेले डबे होते तसेच होते. प्रत्येकावर त्यांच्या अक्षरातली चिठ्ठी. त्याला कुलूप लावायचं, ही कल्पनाच नाथाभाऊंना सहन होईना. म्हणून त्यांनी मुकाट्याने हात पुढे केला.

ते पंधरा दिवस ते नुसते पडून होते. पट्टा थरथरायचा, त्यावर अक्षरं यायची : 'आज हालचाल कमी. हे नेहमीचं आहे का?' खाली 'हो' आणि 'नाही'. नाथाभाऊ 'हो' दाबायचे. 'झोप कमी. हे नेहमीचं आहे का?' हो. तो गप्प बसावा, एवढंच त्यांना हवं होतं.

सोळाव्या दिवशी पोटमाळ्यावरचं पातेलं काढायला ते स्टुलावर चढले. पट्ट्याने कळवलं. पुढच्या आठवड्यात कांदेवाल्याशी भावावरून वाजलं. पट्ट्याने पुन्हा कळवलं. "दोन झाले, आप्पा," शेखर फोनवर म्हणाला.

त्यानंतर नाथाभाऊ घरात पाहुण्यासारखे हळू चालू लागले.

रविवारी शेजारचे भिमाजी भाकरी घेऊन आले. दोघं अंबडला एकाच कारखान्यात होते. नाथाभाऊंनी पिठलं टाकलं आणि नेमकं मीठ संपलं. फळीवर वरच्या बाजूला एक डबा होता, 'जास्तीचं मीठ'. चष्मा बाहेरच्या खोलीत राहिला होता. त्यांनी अंदाजाने दोन चमचे टाकले.

भिमाजींनी घास घेतला आणि चावायचे थांबले.

"नाथाभाऊ, हे पिठलं हाय का शिरा?"

नाथाभाऊंनी बोट लावून चाखलं. मग डब्यात बोट घातलं. साखर!

सहा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्यांची साखर बंद केली होती. तेव्हापासून मंगलाबाई ती लपवायच्या आणि नाथाभाऊ शोधायचे. तांदळाच्या कोठीमागे, गोधड्यांच्या पेटीत, देवघराच्या खणात. कधी सापडली नाही.

"भिमाजी, अरे, पाहुणे आले की ती मलाच सांगायची! 'अहो, हात पुरत नाही, तेवढा मिठाचा डबा काढून द्या!' सहा वर्षं मीच काढून देत होतो!"

आणि ते हसायला लागले. किती दिवसांनी, ते त्यांनाही आठवत नव्हतं. डोळ्यांतून पाणी आलं, पोट दुखलं, ते ओट्याला धरून खाली बसले. पट्टा बोंबलू लागला. पाठोपाठ फोन वाजला.

"काका, कंपनीतून बोलतेय. तुम्हाला धाप लागलीय का?"

"नाही... मीठ... मिठाच्या डब्यात..."

"काका, जीभ जड वाटतेय का? शेजारी कुणी आहे?"

भिमाजींनी फोन घेतला. "ताई, तसं काय नाय, ते..." हसू फुटून पुढे त्यांनाही बोलता येईना.

"अहो, दोघांनाही होतंय!" पलीकडे ती बाई कुणाला तरी ओरडून म्हणाली. "काका, काय खाल्लंत?"

"पिठलं!"

वीस मिनिटांत दोन रुग्णवाहिका दारात आल्या. गल्ली जमली. भिमाजींची बायको पुतळाबाई धावत आली, तर नवरा फरशीवर बसून डोळे पुसतोय.

"तरी मी सांगत होते, यांच्या हातचं खाऊ नका!" तिने तिथेच गळा काढला.

सविता नावाच्या नर्सने दोघांना तपासलं. "ठणठणीत आहेत दोघंही," ती वैतागून म्हणाली. पण तोवर शेखर पुण्याहून निघाला होता.

संध्याकाळी तो आला तो दारातूनच म्हणाला, "आप्पा, बॅग भरा. तीन झाले."

"बस आधी. अंबडला मी चौतीस वर्षं काय केलं, माहितीये ना?"

"मशिनवरून आलेले भाग, जॉब तपासायचात."

"चांगल्या जॉबवर मापाचा काटा झिरोला लावायचा आणि बाकीचे त्यावरून मोजायचे. झिरोच वाकड्या जॉबवर लावला, तर सरळ जॉब रिजेक्ट होतो. तुझ्या पट्ट्याने झिरो कधी लावला? तुझी आई गेली आणि मी पडून होतो, तेव्हा. त्याला वाटलं, हा माणूस असाच असतो. आज मी हसलो, तर त्याने मला रिजेक्ट केलं."

शेखरने फळीवरचा डबा काढला आणि चिठ्ठीवरून अंगठा फिरवला.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "आईने शपथ घातली होती."

"फितूर!"

नाथाभाऊ पुन्हा हसले. मनगटावर पट्टा आणि शेखरच्या खिशात फोन, दोन्ही एकदम वाजले. शेखरने फोन काढला आणि त्यांच्यासमोर 'नव्याने शिका' दाबलं.

"पंधरा दिवस नेहमीसारखं वागायचं, आप्पा."

"नेहमीसारखं म्हणजे कसं?"

सकाळी शेखर पाया पडून निघून गेला.

नाथाभाऊंनी चहा ठेवला. इकडेतिकडे बघितलं आणि 'जास्तीचं मीठ' काढलं. अर्धाच चमचा टाकला. चहा तोंडाला लावला आणि थुंकला.

मीठ होतं!

"शेख्या!" ते रिकाम्या घरात ओरडले. मग स्टूल ओढून चढले. रव्याचा डबा उघडला, डाळीचा उघडला, कारळ्याचा उघडला. पट्टा थरथरला.

'नाडी वाढली आहे. हे नेहमीचं आहे का?'

नाथाभाऊंनी चष्मा सारखा केला, 'हो' दाबलं आणि पोह्यांच्या डब्याला हात घातला.