जिल्ह्याचं शून्य

जिल्हा फ्लोराइडमुक्त जाहीर करण्याचा समारंभ सव्वीस तारखेला सकाळी अकरा वाजता ठरला होता. मंडपवाल्याला सांगून झालं होतं, पाहुण्यांची यादी तीनदा बदलून झाली होती, कोनशिलेवरच्या अक्षरांना सोनेरी रंगही भरून झाला होता. तयारीत एकच किरकोळ बाब राहिली होती. पाण्यातलं फ्लोराइड अजून गेलं नव्हतं.

ती बाब यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका सरकारमान्य प्रयोगशाळेकडे सोपवण्यात आली. तिथे समीक्षा नावाची केमिस्ट आयन क्रोमॅटोग्राफीच्या यंत्रावर बसायची. यंत्राचं काम सरळ होतं. पाण्याचा थेंब आत घ्यायचा, त्यातले क्षार एकेक करून वेगळे काढायचे आणि पडद्यावर प्रत्येकाचा एक डोंगर काढून दाखवायचा. डोंगर मोठा तर क्षार जास्त. फ्लोराइड लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की पाणी पिण्यालायक नाही. आर्णी तालुक्यातल्या पळसनाला तांड्याच्या हातपंपाचा आकडा आला दोन पूर्णांक बासष्ट. जिल्ह्यात पहिला नंबर.

तांड्याला हे नवीन नव्हतं. तो पंप दोन वर्षांपूर्वीच लाल रंगवला होता. लाल म्हणजे पिऊ नका, निळा म्हणजे प्या, एवढं तांड्यातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. अंगणवाडीच्या बिजलीबाईने अकरा वेळा तालुक्याला खेपा घालून गाळणी यंत्र मिळवलं होतं, आणि अंगणवाडीतली चाळीस लेकरं त्याचंच पाणी पीत होती. पंपाच्या पाण्यावर वाढलेल्या मोठ्या भावंडांचे दात पिवळेधमक झाले होते. या चाळिसांचे तेवढे वाचवायचे, असा तिचा हट्ट.

"समीक्षा," प्रयोगशाळेचे प्रमुख गुल्हाने साहेब म्हणाले, "हे दोन पॉइंट बासष्ट काहून आलं?"

"पाण्यात आहे म्हणून, सर."

"हे काही कारण झालं का? पुनर्प्रक्रिया करा."

"म्हणजे नमुना परत आणायचा?"

"कायले? नमुना तोच, डेटा तोच. फक्त मोजाची रीत बदलवाची. अन् हे खोटं नाही बरं. सॉफ्टवेअरनंच बटन देलं हाये ते. खोटं असतं तं बटन कायले देलं असतं?"

समीक्षाच्या कंत्राटाची मुदत त्याच महिन्याच्या एकतीसला संपत होती. तिला बटणाचं म्हणणं पटलं.

तिने आधी डोंगराचा पायथा वर उचलला. डोंगर तेवढाच राहिला, पण निम्मा जमिनीखाली गेला. आकडा एक पूर्णांक चौऱ्याण्णववर आला. सॉफ्टवेअर मात्र चोख होतं. ते जुना आकडा कधीच पुसत नसे, खाली जपून ठेवत असे, आणि प्रत्येक बदलाचं कारण विचारत असे. कारण लिहिल्याशिवाय खिडकी बंदच होत नसे. समीक्षाने लिहिलं, "पायथा सुधारला."

मग तिने यंत्राचं मापन नव्याने बसवायला घेतलं. त्यासाठी ठरावीक ताकदीची पाच प्रमाणित द्रावणं असतात. त्यांतलं एक द्रावण आकडा वर ओढत होतं. तिने ते वगळलं. कारण : "द्रावण सहकार्य करीत नाही." आकडा एक पूर्णांक एकसष्ट. दीडच्या अलीकडे तो काही केल्या येईना. दुपारपर्यंत चौदा पुनर्प्रक्रिया झाल्या आणि कारणं संपली. पंधराव्या वेळी तिने वैतागून लिहिलं, "पहिल्या वेळी बरोबर मोजलं गेलं होतं." सॉफ्टवेअरने तेही निमूटपणे स्वीकारलं.

शेवटी गुल्हाने साहेब स्वतः खुर्ची ओढून बसले. "हे शून्य कुठून घेता तुम्ही?"

"शुद्ध केलेल्या पाण्याचं, सर. त्यात काहीच नसतं. त्याला शून्य धरून बाकीचं मोजायचं."

साहेब बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. मोठे प्रशासकीय शोध असेच लागतात. "मशीन जर्मनीचं. शून्यही जर्मनीचं. अन् पाणी आर्णीचं. जुळंन कसं? आपल्या जिल्ह्याचं आपलं शून्य पाहिजे का नाही?"

"आपलं शून्य?"

"पळसनाल्याची कॅन हाये ना? तेच शून्य धरा. इथल्या माणसाले जे रोज मिळते ते शून्य. त्याच्यावर जे असंन ते प्रदूषण."

जिल्ह्यात सगळ्यात वाईट पाणी पळसनाल्याचंच असल्यामुळे त्याच्यावर काहीच नव्हतं. समीक्षाने एकच बटण दाबलं आणि चारशे बारा गावांचा डेटा नव्या शून्यावर पुन्हा मोजला गेला. पळसनाला शून्य. बाकी सगळी गावं शून्याच्या खाली. जिल्हा एका झटक्यात फ्लोराइडमुक्त झाला, आणि साहेबांनी सगळ्यांसाठी समोसे मागवले.

अडचण एवढीच आली की अहवालाच्या छापील नमुन्यात उणे चिन्हाला जागा नव्हती. टंकलेखकाने डोकं चालवून उणे आकड्यासमोर "कमतरता" असा शब्द टाकला. त्यामुळे पळसनाल्याच्या गाळणी यंत्राचं पाणी, ज्याचा नमुनाही पंपाच्या नमुन्याबरोबर आला होता आणि ज्यात फ्लोराइड जवळजवळ नव्हतंच, कागदावर असं उतरलं : कमतरता अडीच, गंभीर. आणि गंभीर नमुन्यावर अठ्ठेचाळीस तासांत कारवाई करायची, असा नियम आहे. कारवाई झाली. यंत्राला सील लागलं. हातपंप निळा करायचा हुकूम निघाला.

हुकूम घेऊन आर्णीचा रहेमान पेंटर तांड्यावर गेला. जिल्ह्यातले निम्मे पंप त्याच्याच ब्रशखालून गेलेले. बिजलीबाई पंपाला पाठ लावून उभी राहिली.

"रहेमानभाई, दोन सालाआधी तूच लाल केलता ना?"

"मैंनेच किया था, बाई."

"मंग पाणी बदललं का?"

"पाणी नाही बदललं, डब्बा बदलला. मले जो डब्बा देते तो मी लावतो. मी काय केमिस्ट हाय का?"

"तुह्याच मोहल्ल्यातला पंप असता तं?"

रहेमानने हुकुमाचा कागद पुढे केला, तशी ती बाजूला झाली. त्याने पंप निळा केला, पैसे मिळाल्याच्या कागदावर सही केली आणि निघून गेला. लाल रंगाचा अर्धा डबा मात्र पंपाच्या ओट्यावरच विसरला. वीस वर्षांत त्याने विसरलेला हा पहिला डबा.

दुसऱ्या दिवशी बिजलीबाई एसटीने यवतमाळला आली आणि थेट समीक्षाच्या टेबलावर एक बाटली ठेवली.

"पंपाचं हाय. निळ्या पंपाचं. पिऊन पाह्य."

समीक्षाचा हात आपोआप पिशवीतल्या घरच्या बाटलीकडे गेला, आणि बिजलीबाईने तो जाताना पाहिला.

"तुह्या घरच्या पाण्यात तं लय कमतरता असंन, पोरी," ती म्हणाली. "लिहून दे न मंग तसं. माह्या चाळीस लेकरायची कमतरता मले वापस दे."

ती गेल्यावर समीक्षाने सॉफ्टवेअर उघडलं. सगळ्यात खाली, सोळा थरांच्या तळाशी, पहिला आकडा तसाच पडून होता. दोन पूर्णांक बासष्ट, खाली तिची सही. तिने मूळ शून्य लावून सतरावी पुनर्प्रक्रिया केली. सॉफ्टवेअरने कारण विचारलं. तिने लिहिलं, "खरं आहे."

संध्याकाळी तिला कारणे दाखवा नोटीस मिळाली : आपण अंतिम आकड्यात विनाकारण फेरफार केला असून, विश्लेषकाने डेटाशी अशी छेडछाड करणे ही गंभीर बाब आहे. एकतीस तारखेनंतर तिचं कंत्राट वाढणार नव्हतं, हे त्यातच आलं.

पुढच्या आठवड्यात मान्यता देणारे तपासनीस आले. त्यांनी सगळे बदल उघडून पाहिले. सोळा बदलांना सोळा कारणं, वेळ, सही, सगळं जागेवर. सतरावा नियमानुसार फेटाळलेला. असं स्वच्छ रेकॉर्ड विदर्भात पाहिलं नाही, असा शेरा त्यांनी मारला. सव्वीस तारखेच्या समारंभात गुल्हाने साहेबांचा शाल देऊन सत्कार झाला. साहेबांच्या पुढ्यातली बाटली सीलबंद होती. तिची कमतरता कोणी मोजली नाही.

पळसनाल्यात त्याच सकाळी बिजलीबाईने पंप पुन्हा लाल केला. हाताने, ब्रश नव्हता म्हणून. यंत्राचं सीलही तिनेच तोडलं. सरकारी मालमत्तेच्या विद्रूपीकरणाची तक्रार दाखल आहे. पंच म्हणून रहेमान पेंटरला बोलावलं, तर त्याने जबानी दिली की हा लाल रंग नाही, निळाच आहे, नजरेची पुनर्प्रक्रिया करा. लेकरं सध्या गाळलेलं पाणी पितात. कागदोपत्री ती पंपाचं पितात.

आपल्या शून्याची कीर्ती आता दूरवर गेली आहे. पुसदहून मागणी आली, मग शेजारच्या जिल्ह्यांतून, आणि आता तर पाण्यापुरतीही ती राहिलेली नाही. हवा, दूध, रस्ते, शाळा, सगळ्यांचे नमुने लोहाऱ्याला येतात. पद्धत सोपी ठेवली आहे. तुम्हाला ज्याची सवय झाली असेल ते एका बाटलीत भरून पाठवायचं, तेच शून्य धरलं जातं.

वाचकहो, तुमच्या गावचा नमुना मागच्याच महिन्यात आला. तपासूनही झाला. काळजी करू नका. काहीही आढळलं नाही.