बिनखोगीर कॉफी

रेवा आणि निखिल, तुमच्या नव्या कॉफीच्या पाकिटावर 'आजीची पसंती' असं छापणार आहात, हे काल फोनवर कळलं. थांबा. छापील चूक मला सहन होत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. ती पसंती माझी नव्हे. मग कोणाची, ते नीट क्रमाने सांगते.

इथे सारंगखेड्यात माझ्या शेजारी उत्तमबापू राहतात. बापू जगातली कोणतीही वस्तू घोड्यासारखी पाहतात. जत्रेत घोडे पारखण्यात त्यांचं आयुष्य गेलं. आता घोडे गेले, गुडघे गेले, पण पारख सुटत नाही. माझा नवा फ्रिज आला तेव्हा बापूंनी त्याला एक फेरी मारली, पाठीवर थाप दिली, दार उघडून आतले कप्पे दात पाहावेत तसे पाहिले आणि म्हणाले, "ताई, यानी वय लपाडेल शे." फ्रिज उत्तम चालतो. तरी मी त्याच्याकडे अजून जरा संशयानेच पाहते. एका लग्नाच्या बैठकीत त्यांनी नवऱ्या मुलालाच अंगणात चालून दाखवायला लावलं होतं. तेव्हापासून लोक त्यांना बोलणी आटोपल्यावर, थेट जेवायलाच बोलावतात.

त्यांच्या पत्नी रतनबाई. मागच्या उन्हाळ्यात त्यांना लकवा झाला. वाचा गेली, उजवी बाजू गेली आणि सगळ्यात वाईट म्हणजे खाण्यावरची इच्छा गेली. डॉक्टर म्हणाले, गिळता येतंय, पण त्यांनी मनावर घेतलं पाहिजे. पेजेचा चमचा ओठांशी नेला की त्या मान फिरवत. दिवसेंदिवस त्या वाळत चालल्या होत्या. एरवी अखंड बोलणारे बापू, "रतनबाई कशा आहेत?" असं विचारलं की नुसतं "शे", म्हणजे 'आहे', एवढंच म्हणत आणि कुंपणाकडे बघत.

अशात तुमची दोन पाकिटं आली, एक लाल, एक निळं. दोन्हींत अख्खे दाणे, आणि दुकानात कोणतं मिश्रण ठेवायचं ते कळव, अशी तुमची आज्ञा. मी पिते ती चमचाभर घालून ढवळायची कॉफी. अख्ख्या दाण्याची पारख करायचा अधिकार मला नाही. अधिकारी माणूस कुंपणापलीकडे होता. मी हाक मारली.

बापू खांद्यावरचा चौकड्यांचा रुमाल सावरत आले. मी लाल पाकिटावरचा मजकूर मराठीत वाचून दाखवला: संत्र्याची साल, गूळ, मोगऱ्याचा वास. बापूंनी पाकिटात डोकावून पाहिलं.

"संत्री कोठे शे? दाखाडा ना माले."

"बापू, चवीत आहे म्हणतात."

"विकनारा असाच म्हनस."

मग त्यांनी एक दाणा उन्हात धरला. अंगावरची चमक पाहिली. पोटावरची रेघ निरखली. घोड्याच्या अंगावरचा भोवरा शुभ की अशुभ, यावर बापू तासभर बोलू शकतात. दाण्याने मात्र त्यांना निराश केलं. "याले भवरा नही, निस्ती चीर शे."

मी मिक्सरच्या लहान भांड्यात दाणे भरडले. पातेल्यात उकळलेलं पाणी वर ओतलं, गाळ बसू दिला आणि सवयीने दुधाकडे हात नेला. बापू ओरडलेच.

"पहिले बिनखोगीर! खोगीर चढावं का मंग पाठनी खोड दिसत नही."

म्हणजे बिनदुधाची, बिनसाखरेची. त्यांनी एक घोट घेतला, डोळे मिटले, मिशी पुसली. लाल पाकिटाबद्दल म्हणाले, "चाल चांगली शे." निळ्याचा घोट घेऊन कप लांब धरला. "हाई लाथ मारस."

"मग लाल कळवू?"

"घाई करू नका, ताई. घोडं उपाशी दखानं, पोट भरेल दखानं, थकेल दखानं, मंग बोलानं."

म्हणून कॉफी गरम चाखली, कोमट चाखली, गार झाल्यावरही चाखली. निकाल नाहीच. उरलेली दोन वाट्यांत ओतून, रुमालाने झाकून ते घरी घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. तिकडून तुमचे निरोप, इकडे बापूंचं "दखू", आणि माझ्या स्टीलच्या वाट्या दोन-दोन करून कुंपणापलीकडे. शेवटी वाट्या आणि निकाल दोन्ही वसूल करायला मी त्यांच्या दारात गेले.

रतनबाई खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर तो रुमाल पसरलेला, आणि रुमालाखाली त्यांचा डावा हात बापूंच्या हातात. जत्रेत दलाल असाच सौदा करतात. तोंडाने एक शब्द नाही, सगळं बोलणं रुमालाखाली बोटांनी.

बापूंनी निळ्या पाकिटाची कॉफी चमच्याने त्यांच्या ओठांना लावली. त्यांनी मान फिरवली. मग लालची लावली.

"काय वं रतन? घेवानी का परत धाडानी?"

रुमाल हलला. बापूंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा जत्रेतल्या सौद्यासारखा निर्विकार होता, फक्त मिशी थरथरत होती.

"पुरा पंजा दाबना तिनी. आखो मांगी ऱ्हायनी."

रतनबाई आणखी मागत होत्या. बापूंनी लाल पाकिटाच्या कॉफीचा पुढचा चमचा भरून दिला. त्यांनी तो गिळला. मी वाट्या मागायचं विसरले.

बाहेर ओट्यावर बापू म्हणाले, "घोडं मी दखू, ताई. मानूस ती दखे. सौदाना टाइमले ती चहा लई ये, कप देतादेता रुमालखाले बोट दाबी दे. तिनी नही म्हना, का मी सौदा मोडू. गावले वाटे, बापूनी नजर."

"मग पाकिटावर तुमचं नाव घालायला सांगू का?"

"मन्हं कसाले? तिन्हं टाका."

तेव्हा छापायचंच तर 'रतनबाईंची पसंती' असं छापा. मिश्रण लाल. लालचंच आणखी एक पाकीट लवकर पाठवा, आधीचं तळाला आलं आहे.

रतनबाई अजून बोलत नाहीत. आता पेज घेतात, वरणभात घेतात, सकाळी थोडी बिनखोगीर कॉफी घेतात. आणि रुमालाखालचं ते बोलणं अजून रोज चालू आहे.