घरच्या माणसांना जंतू नसतात

जंतू डोळ्यांना दिसत नाही. जे दिसत नाही त्याच्या बाबतीत शहाण्या माणसापुढे दोनच मार्ग उरतात: एक तर त्याच्यावर श्रद्धा ठेवायची, नाहीतर त्याच्यासाठी समिती नेमायची. आमच्या आत्याचं ऑपरेशन ज्या रुग्णालयात झालं त्यांनी समिती नेमली होती. आमच्या कुटुंबाने याहून सोपा, तिसरा मार्ग काढला. जंतू असतात, हे आम्हाला मान्य आहे. पण ते दुसऱ्यांच्या हातांना असतात.

आत्या निवृत्त मुख्याध्यापिका. उभ्याने शिकवण्यात उभा जन्म गेला आणि उजव्या गुडघ्यातली गादी झिजून हाडावर हाड घासायला लागलं. तिची बाग गच्चीवर होती. जिना चढणं बंद झालं तसं झाडांना पाणी घालायचं काम काकांकडे, म्हणजे तिच्या यजमानांकडे आलं आणि झाडं एकेक करून निवृत्त होऊ लागली. शेवटी आत्याने ठरवलं, गुडघा बदलायचा.

हाडांचा डॉक्टर तरुण होता. म्हणजे, लोक आपलं ऐकतील अशी त्याला अजून आशा होती. त्याने गुडघा पाहिला आणि म्हणाला, "आधी साखर आटोक्यात आणा. तो किडलेला दात काढून घ्या. टाचेची भेग भरू द्या. पायाला घरी वस्तरा लावू नका. मग ऑपरेशन."

घरात खळबळ उडाली. सर्वांत आधी भाऊजी उडाले. हे आत्याचे धाकटे दीर. पण त्यांचा अधिकार असा, की अख्खं घरच त्यांना भाऊजी म्हणतं. त्यांचा हात एकदा प्लास्टरमध्ये होता. तेव्हापासून हाडं हा त्यांचा विषय.

"गुडघा दाखवायला जावं तर हा तोंडात डोकावतो!" भाऊजी म्हणाले. "उद्या म्हणेल, आधी घराला रंग काढा."

डॉक्टरांनी आत्याला समजावलं होतं, की दातातला जंतू रक्तातून फिरत फिरत नव्या सांध्यावर जाऊन बसू शकतो. धातूवर बसलेला जंतू जुन्या भाडेकरूसारखा असतो. एकदा शिरला की कोर्टात गेलं तरी हलत नाही. आत्याला हे पटलं. तिने दात काढला, गोड सोडलं, टाचेला रोज मलम लावलं. घरातल्या कुणीच इतक्या निमूटपणे डॉक्टरांचं ऐकलेलं नसल्यामुळे, तिने धसका घेतलाय असा सर्वांचा समज झाला.

ऑपरेशनचा दिवस नेमका रुग्णालयाच्या 'संसर्ग प्रतिबंधक सप्ताहा'त आला. हा सप्ताह फारच उत्तम प्रकारे साजरा होतो. प्रवेशद्वारावर फलक लागतो. हात कसे धुवावेत यावर भाषण होतं. (त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं. पण विषय सैद्धांतिक असल्यामुळे अडलं नाही.) यंदा रुग्णालयाच्या अधीक्षकांना आणखी एक कल्पना सुचली होती: पाहुण्यांना थेट ऑपरेशन थिएटरमध्ये नेऊन तिथली स्वच्छता दाखवायची.

आत्या टेबलावर आडवी होती. कमरेखालचा भाग बधिर झालेला, कान मात्र शाबूत. त्यामुळे पुढचा संवाद तिने शब्दशः ऐकला.

"डॉक्टर, पाचच मिनिटं. पाहुणे कडेला उभे राहतील," दार अर्धवट उघडून अधीक्षक म्हणाले. त्यांच्या मागे हार आणि कॅमेरा होता.

"सर, दार लावा. जेवढं दार उघडं, तेवढे जंतू आत."

"अहो, कार्यक्रम जंतूंच्या विरोधातच आहे!"

"जंतूंना ते कळवलंय का?"

"डॉक्टर, हे मोठे लोक आहेत."

"म्हणूनच म्हणतो. ते आत आले तर मी हातमोजे काढून बाहेर येतो. आजींचा गुडघा पुढच्या आठवड्यात करू. तुमचा सप्ताह संपल्यावर."

दार लागलं. पाहुण्यांना बाहेरच्या व्हरांड्यात एका कुंडीची स्वच्छता दाखवण्यात आली. ऑपरेशन निर्विघ्न पार पडलं. समितीने आपल्या कामगिरीत त्याची नोंद घेतली आणि डॉक्टरांना उद्धट वर्तनाबद्दल समज दिली. दोन्ही ठराव एकमताने झाले.

इथपर्यंत जंतूला कुठेच वाव मिळालेला नव्हता. मग भेटीची वेळ सुरू झाली.

आमचं कुटुंब प्रेमळ आहे. प्रेम आम्ही हाताने करतो. चुलत, मावस, आते, झालंच तर शेजारचे, असे सगळे आले. आमच्या ढोबळ पाहणीनुसार शंभरातल्या चौघांनी हात धुतले. पैकी तिघांना दुसऱ्याच कारणासाठी धुवावे लागले होते. उरलेला एक नवा जावई होता. बाकीचे बसमधून, बाजारातून, ऑफिसातून थेट आले आणि पलंगाच्या कडेला बसले. खुर्ची होती, पण खुर्चीवर परके बसतात.

भाऊजी आले तेव्हा हनुवटीवरचा फोड खाजवत आले. बसले. आत्याच्या पायावरची चादर त्यांनी बाजूला केली आणि म्हणाले, "बघू तरी, कशी काय शिवण घातलीय."

"भाऊजी," आत्या म्हणाली, "हात धुतलेत?"

खोलीतल्या सगळ्यांच्या माना आत्याकडे वळल्या. एखाद्याला घरातल्या चार माणसांसमोर 'चोरी केलीत का' असं विचारल्यावर वळतात, तशा.

"वहिनी," भाऊजी म्हणाले, "मी परका झालो?"

"परक्याचा प्रश्न नाही हो. जखम उघडी पडेल. डॉक्टरांनी सांगितलंय..."

"डॉक्टर आज आला. आम्ही आधीपासून आहोत."

आत्याने काकांकडे पाहिलं. काकांनी खिडकीकडे पाहिलं. मग ते हळूच म्हणाले, "अगं, राहू दे. मनाला लावून घेईल तो. बघून बघून काय बघणार आहे?"

जिच्या नुसत्या चष्मा काढण्याने अख्खी शाळा चिडीचूप व्हायची, त्या बाईने तेव्हा डोळे मिटून घेतले. चादर मुठीत धरली. भाऊजींनी पट्टीची कड उचलली, आत डोकावले, टाक्यांच्या बाजूला अंगठ्याने दाबलं आणि "झकास!" असा निकाल दिला. नात्याला तडा गेला नाही. आमच्या घराण्यात हीच मोठी गोष्ट मानतात.

घरी आल्यावर काही दिवसांत पट्टीवर ओलसर डाग दिसला. दुसऱ्या दिवशी तो मोठा झाला.

"डॉक्टरांना फोन लावा," आत्या म्हणाली.

भाऊजींना बोलावण्यात आलं. "पाणी सुटतंय म्हणजे उत्तम," ते म्हणाले. "आतली घाण बाहेर पडतेय. डॉक्टरला सांगाल तर तो पुन्हा कापेल, त्याचा धंदाच आहे तो." त्यांच्याकडे मागच्या खोकल्याच्या वेळच्या काही गोळ्या उरल्या होत्या. त्या त्यांनी मोठ्या मनाने दिल्या. (उरलेल्या गोळ्या दुसऱ्याच्या उपयोगी पडाव्यात म्हणूनच आम्ही औषधं कधी पूर्ण घेत नाही.)

गोळ्यांनी डाग सुकल्यासारखा झाला. भाऊजींचा जयजयकार झाला. मग ताप आला, गुडघा गरम झाला, सुजला. आत्या भिंत धरून फोनपर्यंत गेली आणि तिने स्वतः नंबर लावला.

"पाणी कधीपासून येतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"आठवडा झाला असेल."

"आठवडा! आणि काही औषध घेतलंत?"

"गोळ्या घेतल्या. घरच्यांनी दिल्या."

"घरात कुणी डॉक्टर आहे का?"

"हो," आत्या म्हणाली, "पाच-सहा आहेत."

डॉक्टर हसले नाहीत. "आत्ताच्या आत्ता निघा," एवढंच म्हणाले.

गुडघा पुन्हा उघडावा लागला. आतून खरवडून, धुऊन काढला; धातूंच्या मधला प्लास्टिकचा तुकडा बदलला. जंतू कोणता हे शोधायला नमुने पाठवले, तर गोळ्यांनी तो असा दडी मारून बसलेला, की लवकर सापडेना. पहिल्याच दिवशी आला असता तर, असं डॉक्टर म्हणायला लागले आणि आत्याचा चेहरा पाहून थांबले. मग कित्येक आठवडे शिरेतून औषध चाललं. सांधा वाचला, पण गुडघा वाकायचा तेवढा वाकेना. जिना आता चढता येणार नाही. काकांनी एक दिवस उरलेल्या कुंड्या खाली आणल्या. आत्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "शेजाऱ्यांना देऊन टाका. इथे ऊन नाही." काका हातातली कुंडी घेऊन शेजारी गेले. 

रुग्णालयाच्या समितीने रीतसर चौकशी केली. जंतूने अनधिकृतपणे प्रवेश केल्याचं सिद्ध झालं. थिएटर निर्दोष, पाहुणे बाहेर, नातेवाईक भावनिक. घटनेच्या प्रत्येक टप्प्यावर हजर असलेली व्यक्ती एकच निघाली, ती म्हणजे रुग्ण. सबब जबाबदारी रुग्णावर निश्चित करण्यात आली. यात कुणाला चूक काढता येईल असं आम्हाला वाटत नाही.

पुढे दिवा बदलताना भाऊजी स्टुलावरून पडले. मांडीचं हाड मोडलं, आत सळई घालावी लागली. कुटुंबाचा प्रेमाचा लोंढा पुन्हा रुग्णालयाकडे वळला. पण यावेळी खोलीच्या दारात काठी आडवी धरून, खुर्चीवर आत्या बसलेली होती.

"हात," ती म्हणायची.

"अगं आत्या, मी..."

"हात धू. मग ये. पलंगावर बसायचं नाही. पट्टीला शिवायचं नाही."

चादर मुठीत धरणारी ती बाई हीच का, असा आम्हाला प्रश्न पडला. काही जण रागावून परत गेले. काकांनी मात्र गुपचूप हात धुतले आणि तिच्या शेजारी दुसरी खुर्ची टाकून बसले. रोज बसले. आतून भाऊजी कण्हत म्हणायचे, "वहिनी, माणसांना भेटू तरी द्या! मी काय वाळीत पडलोय?" आत्या एकदाही आत गेली नाही. दारातूनच विचारायची, "ताप नाही ना, भाऊजी?"

भाऊजींची जखम स्वच्छ भरली. काठी न घेता ते चालू लागले. भाऊजींची प्रकृती मुळातच काटक, यावर सर्वांचं एकमत आहे. आणि स्वतःच्या दुखण्यामुळे आत्याचा स्वभाव फार तुसडा झाला, यावरही.

तुम्ही आमच्या घरच्यांना हसत असाल तर जरूर हसा. तुम्ही सुशिक्षित आहात. असं अडाणीपण तुमच्या घरी होणार नाही. फक्त एवढंच आठवून पाहा, की हे सगळं वाचत असताना तुमचं एक बोट कुठे होतं. (आम्ही जागेचं नाव घेत नाही, शेजारी घरची मंडळी बसलेली असतील.) आठवलं? आता तेच बोट घेऊन सावकाश निघा. तुमच्याही ओळखीचं कुणीतरी कुठल्यातरी खाटेवर तुमची वाट पाहत पडलेलं असेल, आणि तुम्ही काही परके नाही.