सहा पिंपं साबण

"तुझ्याकडे काही आलं का रे?" शनिवारी सकाळी ताईने फोनवर विचारलं, तेव्हा सांडपाणी केंद्राचा ऑपरेटर नुकताच चहा घेऊन टेकला होता.

"काय यायला हवं होतं?"

"काही नाही. थोडा साबण."

ताईने चार मैत्रिणींना घेऊन भांडी घासायचा पातळ साबण करायला घेतला होता. दोन आठवडे ढवळून हात भरून आले, पण फेस काही येईना. शेवटी वैतागून पाचजणींनी सगळा माल मोरीत ओतला.

"थोडा म्हणजे किती?"

"सहा पिंपं. पण तू घाबरू नकोस, त्याला फेस येतच नाही."

ऑपरेटरने खिडकीबाहेर पाहिलं. गावाची घाण खाऊन पाणी स्वच्छ करणारे जिवाणू ज्या मोठ्या टाकीत राहतात, तिच्यात त्यांच्यासाठी खालून दिवसरात्र हवा सोडलेली असते. पाचजणींच्या हातांना जे जमलं नव्हतं, ते त्या हवेने दहा मिनिटांत करून दाखवलं होतं. फेस कठड्यावरून उतरला, फाटकाखालून सरकला आणि रस्त्यावर आला. एक काळी स्कूटर त्यात शिरली आणि पलीकडून पांढरी बाहेर पडली.

लगेच साहेबांचा फोन आला. "आधी ती हवा बंद करा."

"साहेब, हवा बंद केली की फेस बसेल, पण जिवाणू गुदमरतील. ते मेले तर उद्यापासून घाण जशीच्या तशी नदीत."

"अहो, लोक फोटो काढतायत."

"काढू देत. नदीचे काढायची पाळी नको यायला."

मग साहेब म्हणाले, "जबाबदारी तुमची."

"हो, साहेब." एकोणीस वर्षांच्या नोकरीत त्याने साहेबांचं ऐकलं नाही असं पहिल्यांदाच घडत होतं.

त्याने नदीकडची झडप बंद केली आणि बाहेर जाणारं पाणी राखीव टाकीत वळवलं. ती टाकी पाच वाजता भरली की पाणी नदीत सोडावंच लागणार होतं. तेवढ्यात ताई मैत्रिणींसह हजर झाली. पाचहीजणींनी पदर खोचले, पाण्याच्या नळ्या धरल्या आणि फेसावर फवारे सोडले.

"चांगला येतोय की फेस," एक मैत्रीण हळूच म्हणाली. ताईने फवारा तिच्या पायांवर वळवला.

ऑपरेटर दर तासाला टाकीतल्या पाण्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवत होता. दुपारपर्यंत साबणामुळे सगळं निपचित होतं. ताई दोनदा दारातून डोकावून परत फवारा धरायला गेली. साडेचारला, जिवाणूंच्या सोबतीनेच जगणारा, देठावरच्या घंटेसारखा एक इवलासा जीव डुलला. मग दुसरा. मग पाच-सहा.

"जेवतायत," तो म्हणाला.

"कोण?"

"आमची मंडळी."

त्याने शेवटच्या टाकीतलं पाणी तपासलं, पुन्हा तपासलं आणि पाचला दहा मिनिटं असताना झडप उघडली. सगळे काठावर जाऊन उभे राहिले. पाणी नदीत पडलं, तिच्या पाण्यात मिसळून गेलं. वर एक बुडबुडाही नव्हता. ताईने भावाच्या पाठीवर अशी थाप मारली की तो नदीत पडता पडता वाचला.

रविवारी सकाळी फाटकापाशी चाळीसेक माणसं उभी होती, बरीचशी मुलाबाळांसह.

"आज फेस किती वाजता?" पुढच्याने विचारलं.

"फेस संपला. पण तो ज्यांनी संपवला ते दाखवतो, या."

एकोणीस वर्षांत ज्या फाटकाशी येताच लोक नाकाला रुमाल लावून पुढे सटकत होते, त्यातून चाळीस माणसं आत आली. सूक्ष्मदर्शकापुढे रांग लागली. जो पाहून उठे, तो परत मागे जाऊन उभा राही. अकराच्या सुमाराला साहेबांची गाडी आली. नातीला कडेवर घेऊन साहेब थेट टेबलापाशी पोहोचले.

"हिला जरा ते दाखवा."

ऑपरेटरने अदबीने नमस्कार केला.

"दाखवतो की, साहेब. रांगेत या."