अण्णांच्या घरची अडचण

शहरात येऊन विद्यार्थ्याने कसं राहावं, हे ज्याला शिकायचं असेल त्याने खुशाल माझ्याकडे यावं! मी इंग्रजी शिकायला ठाण्यात आलो, तेव्हा बरोबरीची पोरं खोलीत तोंड पाडून बसायची. कुणाला घरची आठवण, कुणाला भूमितीचा धसका! मी मात्र पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. सदा हसतमुख राहायचं. जिथे असू तिथे मनाने हजर असायचं. आणि चार माणसांत मिसळायचं, त्यांच्या अडीअडचणीला धावून जायचं. महिन्याभरात तळ्याकाठच्या आमच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा मला पाहून उठून उभी राहू लागली!

आता माझी थोडी हकीकत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. मुरबाडच्या वर डोंगरात एक देऊळ आहे, तिथले पुजारी माझे आजोबा. आईवडील मी रांगत असतानाच पटकीत गेले. आजोबांनी मला वाढवलं, संस्कृत शिकवलं, चूल शिकवली. घरात बाईमाणूस नाही, शेजार नाही. माकडं मात्र भरपूर! ठाण्यात मी वार लावून जेवत असे, म्हणजे रोज एका वेगळ्या घरी. बहुतेक घरं म्हाताऱ्यांची होती, आणि शनिवार होता अण्णांकडे.

अण्णा कलेक्टर कचेरीत अव्वल कारकून. गोरेपान, कमी बोलणारे, आणि बोलले की ऐकणाऱ्याचं काहीतरी चुकलेलंच असायचं. त्यांच्या पत्नी उत्तराकाकू तिशीच्या आतल्या, हसऱ्या. त्यांची आमटी मी अजून विसरलेलो नाही. या घराची ओटी मोठी, हवेशीर आणि रिकामी होती! माझ्या खोलीच्या मालकाने मला महिनाअखेर जागा सोडायला सांगितलं होतं. दुसरी जागा मिळेना. अण्णांना मी भीत भीत ओटीबद्दल विचारलं, तर म्हणाले, "विचार करून शनिवारी सांगतो." हो म्हणाले तर मी मॅट्रिकला बसणार, नाही म्हणाले तर पुन्हा डोंगरावर माकडांत! माझं सगळं नशीब त्या एका शनिवारावर येऊन ठेपलं होतं.

शनिवार उजाडला. थंडीचे दिवस. मी आंघोळ करून, शेंडीला गाठ मारून, चेहऱ्यावर सर्वोत्तम हसू घेऊन अण्णांच्या दारात हजर! दार अण्णांनीच उघडलं. सोवळं नेसलेले, डोळे लालबुंद, गालांवर पाणी ओघळलेलं!

"त्र्यंबक, आज जेवायला नको येऊस," ते म्हणाले. "घरी अडचण आहे."

"कसली अडचण, अण्णा?"

"कसली म्हणजे? अडचण रे!" ते इकडेतिकडे पाहू लागले. "नेहमीची."

"नेहमीची?"

"महिन्याची! तीन दिवसांनी निघेल. ओटीचंही तेव्हाच बोलू. जा आता." आणि दार बंद!

दुसरा कुणी असता तर उपाशीपोटी घरी जाऊन कुढत बसला असता. मी कुढणाऱ्यांतला नव्हे! एवढा करारी माणूस रडतो आहे, दर महिन्याला त्याच्यावर संकट येतं आहे, आणि मी हसतमुख विद्यार्थी म्हणून गल्लीत मिरवतो आहे? मी सरळ घराला वळसा घालून परसात गेलो.

तिथे पाहतो तर गोठ्याच्या कडेला घोंगडीवर उत्तराकाकू एकट्या बसलेल्या! बाजूला एक तांब्या, एक ताटली. घरची मालकीण, आणि अशी गुरांजवळ?

"काकू! तुम्ही इथे कशा?"

"अगं बाई, त्र्यंबक!" त्या दचकल्या. तोंडातली आवळासुपारी त्यांनी गालात सरकवली. "तू इकडे कशाला आलास?"

"कधीपासून बसलाय?"

"कालपासून."

"अण्णांनी बसवलं?"

"ते कोण बसवणारे? बसायचं आपलं आपण."

किती हा स्वाभिमान! माझे डोळे भरून आले. मी दोन पावलं पुढे झालो. "काकू, आत चला. मी अण्णांची समजूत घालतो."

"अरे अरे, पुढे येऊ नकोस! शिवशील! वेडा की काय तू? जा बघू, कुणी पाहिलं तर काय म्हणेल!"

माणसाचं मन किती दुखावलं असेल, म्हणजे ते दुसऱ्याला जवळसुद्धा येऊ देत नाही! मला सगळं स्वच्छ दिसलं. नवराबायकोचं भांडण. अण्णांनी रागाच्या भरात काकूंना घराबाहेर काढलं, आणि आता आत बसून स्वतःच रडताहेत. अशा वेळी चार वडीलधारी मंडळी मध्ये पडली की काम होतं. मी शेजारच्या नानांकडे धाव घेतली.

नाना पेन्शनर. ओट्यावर ऊन खात बसले होते. मी लांबूनच ओरडलो, "नाना, अण्णांच्या घरी अडचण आहे!"

नाना असे उठून बसले की त्यांचा चष्मा मांडीत पडला. "हळू बोल, गाढवा! गल्लीत दवंडी पिटतोस काय?"

"तुम्हांला ठाऊक आहे?"

"नाही. आणि ठाऊक करून घ्यायचंही नाही!"

"अहो, पण दर महिन्याला होतं म्हणे!"

"मग ठीकच आहे की! दर महिन्याला होतं तेच बरं." नाना जरा घुटमळले. "नाही झालं तर... म्हणजे तेही आनंदाचंच म्हणा."

"आणि आपण नुसतं बघत बसायचं? आपण काहीच करू शकत नाही?"

"आपण काय करणार? देवाची करणी आहे ती!"

"हेच तुमच्या घरात झालं असतं तर?"

"आमच्या घरी आता नाही होत," नाना समाधानाने म्हणाले. "सुटलो एकदाचे."

मी थक्क झालो! शेजाऱ्याचा संसार मोडतो आहे आणि हा गृहस्थ स्वतः सुटल्याच्या आनंदात! मी आणखी दोन घरं पालथी घातली. एका घरातल्या आजीबाईंनी पदर तोंडाला लावून हसायला सुरुवात केली. दुसऱ्या घरच्या गृहस्थांनी मला "निर्लज्ज" म्हणून हाकललं. पण खचला तो त्र्यंबक कसला! गल्ली मदत करत नसेल तर माहेर करील. काकूंचं माहेर होतं कल्याणला.

मी खाडीवर गेलो. तिथे भिवाजी कोळी होडीत सुकटीच्या टोपल्या चढवत होता. त्याच्याशी माझी दोस्ती होती. माझी दोस्ती कुणाशी नव्हती!

"भिवाजी, कल्याणला निघालास का?"

"जातंय नं, दादा. बाजार हाय. काय सांगाचा हाय?"

"बापूसाहेब वैद्यांचं घर माहीत आहे ना? त्यांना म्हणावं, तुमच्या उत्तराला जावयांनी घराबाहेर काढलंय. गोठ्यात बसल्यात. ताबडतोब या!"

भिवाजीने टोपली खाली ठेवली. "आरं द्येवा! एवरी चांगली बाय! तुमी काय काळजी करू नका, दादा. असा सांगतंय, का वयद्य जेवता जेवता उठंल!"

त्या रात्री मी उपाशी असूनही गाढ झोपलो. सत्कृत्याने पोट भरतं, असा मला त्या काळी अनुभव होता.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळच्या गाडीने बापूसाहेब आले ते आपल्या दोन धिप्पाड मुलांसह. बापूसाहेबांच्या हातात काठी, मुलांच्या हातांत काही नव्हतं, पण ते हात पाहिल्यावर काठीची गरज वाटत नव्हती. आख्खी गल्ली अण्णांच्या अंगणात लोटली. अर्थात मी सर्वांत पुढे!

अण्णा सोवळ्यात बाहेर आले. हातात पळी, आणि आतून करपल्या भाताचा वास!

"काय हो जावईबापू!" बापूसाहेब गरजले. "माझी मुलगी कुठे आहे?"

"बाहेर आहे," अण्णा गोंधळून म्हणाले.

"ऐका, ऐका मंडळी! तोंडाने कबूल करताहेत! का बाहेर आहे?"

"का म्हणजे? अहो... बाहेर म्हणजे... बाहेर!" अण्णांचा चेहरा कुंकवासारखा झाला. एवढ्या लोकांत माणूस दुसरं बोलणार तरी काय!

तोवर थोरला मुलगा परसात धावला होता. तिथून त्याचा आवाज आला, "ऊठ ताई! चल कल्याणला!" पाठोपाठ काकूंची किंकाळी. तो दणदणत परत आला, त्याने अण्णांचं मनगट पकडलं. बापूसाहेबांनी त्याला आवरायला त्याचा दंड धरला. धाकट्याने बापूसाहेबांना सावरलं. चौघांची अशी साखळी झालेली असताना परसातून काकू जिवाच्या आकांताने ओरडल्या,

"अरे मेल्या, शिवलास की मला! मी बाहेरची आहे! अजून दोन दिवस आहेत माझे!"

मग सगळ्या बायका एकदम आत पळाल्या आणि आतून हसण्याचा जो पूर आला, तो काही केल्या ओसरेना. नाना कपाळाला हात लावून खाली बसले. मला अजूनही काही कळलं नव्हतं, हे मी अभिमानाने सांगतो!

"कुणी पाठवला निरोप?" बापूसाहेबांनी हळू आवाजात विचारलं.

मी छाती काढून पुढे झालो. "मीच तो! अण्णांच्या घरी अडचण आहे म्हणून—"

"अरे ए शहाण्या," बापूसाहेबांनी मला पाच हातांवर थांबवलं, आणि तिथूनच, वैद्य असल्यामुळे, जे काय समजावून सांगायचं ते चार वाक्यांत सांगितलं. बायका महिन्यातून चार दिवस बाजूला का बसतात, त्यांना कुणी शिवत का नाही, त्या दिवसांत पुरुषांना चुलीशी का बसावं लागतं, आणि ओल्या लाकडांच्या धुराने अव्वल कारकुनाचेसुद्धा डोळे कसे लाल होतात!

वाचक हो, आजोबांनी मला अख्खा अमरकोश पाठ करून घेतला होता. त्यात हा अर्थ त्यांनी नेमका गाळला होता! माझे कान तापले. गल्लीभर मी काय काय ओरडत फिरलो, ते एकेक आठवू लागलं. आणि ओटी? ओटी गेलीच! मला डोंगर दिसू लागला.

पण आता खरा प्रश्न वेगळाच होता. शिवाशिवीने चौघेही बाटले. थंडीत कुडकुडत, मला शिव्या घालत, चौघेही नेसत्या वस्त्रांनिशी विहिरीवर आंघोळीला उभे राहिले. अण्णांचा करपलेला भातही गाईला गेला. घरात कल्याणचे तीन भुकेले पाहुणे, मालकीण बाहेर, आणि मालकांचे दात इतके वाजत होते की पळी धरवेना!

मला मात्र कुणी शिवलं नव्हतं. शिवायची कुणाची इच्छाच नव्हती. मी गुपचूप दुसऱ्या बाजूने चार तांबे अंगावर ओतून घेतले, ओला पंचा नेसलो आणि चुलीपुढे जाऊन बसलो. ओली लाकडं काढून गोवऱ्या सारल्या. वरण-भात, भरली वांगी, ताकाची कढी. देवळाच्या उत्सवात शंभर पानांना पुरे पडलेले हात ते! बापूसाहेब पहिला घास घेताना मला गिळणार असेच दिसत होते. तिसऱ्या घासाला म्हणाले, "कढी वाढ." पाचव्याला म्हणाले, "जावईबापू, हा पोरगा चांगला आहे हो!"

अण्णा मान खाली घालून भात कालवत राहिले. बोलल्या त्या काकू, परसातून! मी वाढलेलं ताट त्यांना लांबून सरकवलं होतं.

"ऐकलंत का? ओटी देऊन टाका त्याला!"

"याला? गल्लीत माझी अब्रू राहिली नाही!"

"अब्रू गेली ती गेली. मी मात्र गेली बारा वर्षं महिन्यातून चार दिवस तुमच्या हातचं करपलेलं खाते आहे. बोलले का कधी? आज पहिल्यांदा गरम आणि धड जेवले. ओटी द्या, नाहीतर मी खरंच कल्याणला जाते!"

मला ओटी मिळाली! त्याच संध्याकाळी मी वळकटी घेऊन राहायला आलो. मनात म्हटलं, हसतमुख राहिल्याचं फळ मिळतंच मिळतं.

ते फळ थोडं जास्तच मिळालं. काकूंनी माझी कढी बायकांत गाजवली. पुढच्या महिन्यात पलीकडच्या घरचे गृहस्थ, तेच "निर्लज्ज" म्हणणारे, अंधारात ओटीशी येऊन कुजबुजले, "त्र्यंबक, जरा... अडचण आहे रे." मग समोरचे आले. मग त्यांच्यापलीकडचे आले. आठवड्यातला एक वार असा उरला नाही की कुठल्या ना कुठल्या चुलीपुढे मी नाही! दुसऱ्याच्या अडचणीला धावून जाणारा विद्यार्थी म्हणतात तो हाच.

मॅट्रिकचा निकाल लागला. मी गणितात नापास! गल्लीतल्या सगळ्या घरांच्या तिथ्या तोंडपाठ ठेवून, एकीची दुसरीत मिसळू न देता, एकही चूल विझू न देणाऱ्या माणसाला विद्यापीठ म्हणतं, तुला गणित येत नाही! मी निकाल सांगितला, तेव्हा अण्णा प्रथमच माझ्याकडे बघून मनापासून हसले. "म्हणजे अजून एक वर्ष आहेस तर!" म्हणाले, आणि आत जाऊन काकूंना सांगितलं. काकूंनी शेजारी सांगितलं.

संध्याकाळी गल्लीत पेढे वाटले गेले. ज्याच्या नापास होण्याचे पेढे घरोघर वाटले, असा लोकप्रिय विद्यार्थी सबंध ठाणे जिल्ह्यात मी एकटाच! दोन पेढे मलाही मिळाले.