बोरीच्या सावलीबाबत आठ नंबरचं धोरण

कुवेतमधल्या अब्बासियातल्या आठ नंबरच्या इमारतीने जगाच्या भानगडीत पडायचं नाही असा ठराव केला, तेव्हा तिच्याकडे चोवीस बिऱ्हाडं, मनात आलं तर चालणारी एक लिफ्ट आणि गाड्या लावायला स्वतःचं तळघर होतं. अलिप्ततेचा उगम या तळघरात होता. ज्याची गाडी सावलीत असते त्याला जगातली बहुतेक भांडणं पोरकट वाटतात.

भांडण समोरच्या रेताड मैदानात होतं. मैदानाच्या पश्चिमेला सात नंबरची इमारत, पूर्वेला नऊ नंबरची, आणि मधोमध एक बोरीचं झाड. झाडाखाली जेमतेम दोन गाड्या मावत. सावली सकाळी सात नंबरच्या बाजूला पडे, दुपारी नऊ नंबरच्या. सूर्याने केलेली ही वाटणी वीस वर्षं कुणाला खटकली नव्हती. त्या जूनमध्ये पारा पन्नासवर गेला आणि सात नंबरला एकाएकी साक्षात्कार झाला, की सकाळी माणसं कामावर असतात. तेव्हा पडणारी सावली ही मुळी सावलीच नव्हे.

तुळशीदास कोरगावकर हे आठ नंबरचे चिटणीस. दिवसा एका प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासायचे आणि घरी येऊन जाड पुठ्ठ्याच्या वहीत इमारतीची इतिवृत्तं लिहायची, हा त्यांचा क्रम. नऊ नंबरमध्ये त्यांचं एक जिव्हाळ्याचं घर होतं. अठरा वर्षांपूर्वी ते कुवेतच्या विमानतळावर उतरले आणि न्यायला येणारा कंपनीचा माणूस आलाच नाही, तेव्हा म्हसळ्याच्या तौफीकने ओळखदेख नसताना त्यांना आपल्या घरी आणलं. तौफीकच्या बायकोने, नूरबानूने, पुढचे तीन आठवडे त्यांना तांदळाच्या भाकऱ्या करून घातल्या. आता नूरबानूची मूत्रपिंडं थकली होती. रविवार, मंगळवार, गुरुवार, दुपारी तीनला डायलिसिस. तापलेल्या गाडीत बसलं की तिला घेरी येई, म्हणून तौफीक एक वाजता दुकान बंद करून येई आणि गाडी बोरीखाली लावी. सात नंबरच्या तक्रारपत्रात ‘दुपारची कायमस्वरूपी घुसखोरी’ म्हणून जिचा उल्लेख होता, ती हीच गाडी.

आठ नंबरचे अध्यक्ष रविकांत भालेराव तेल कंपनीत सेफ्टी ऑफिसर होते. काहीच घडलं नाही की यश मानायचं, अशा नोकरीत तीस वर्षं काढल्यामुळे त्यांना आता काहीतरी घडावंसं फार वाटे. इमारतीची नियमावली त्यांनीच केली होती. कलम चार: व्हॉट्सअ‍ॅप गटावरचा ठराव वाचून चोवीस तासांत हरकत न घेणाऱ्याची संमती गृहीत धरली जाईल. कलम पाच: हरकत घेणाऱ्याने पर्याय शोधणाऱ्या समितीचं अध्यक्षपद स्वीकारावं. कलम चारमुळे ठराव झटपट होत आणि कलम पाचमुळे एकमताने.

पहिला ठराव तटस्थतेचा. सदर बाब परकीय असल्याने आठ नंबरचा तिच्याशी संबंध नाही. रहिवासी खूश झाले. संध्याकाळी चहाबरोबर टीव्हीवर दुसऱ्यांची युद्धं बघताना, या लोकांना कुणी शहाणं माणूस भेटत कसं नाही, असं घरोघर म्हटलं गेलं.

मग सात नंबरने आठच्या तळघरात पडलेले निळे ड्रम मागितले. सावली अडवायला. देणं म्हणजे बाजू घेणं, न देणं म्हणजे शेजारधर्म मोडणं. रविकांतरावांनी तोड काढली: ड्रम कुणालाही मिळतील, मात्र ज्याचे त्याने येऊन न्यावेत. नऊ नंबरला मनाई नव्हती. फक्त हातगाडी सातकडे होती, तळमजल्यावरच्या फर्निचरवाल्याची. तुळशीदासांनी वहीत ‘अडगळ निर्मूलन’ असं लिहिलं.

“निर्मूलन तर झालं,” त्यांची बायको सुहासिनी वहीत डोकावून म्हणाली. ती शाळेत नागरिकशास्त्र शिकवत असे आणि घरी त्याचा सराव करत असे. “आता तौफीकभाईंची गाडी कुठल्या रकान्यात जाणार?”

रिकामे ड्रम धुळीच्या वाऱ्यात गडगडत नऊच्या दारात जाऊ लागले. तेव्हा ते पाण्याने भरून द्यायचं ठरलं. नळ आठचा, पाणी आठचं. पण पाइप रस्त्याच्या पलीकडे गेल्यावर त्यातलं पाणी तटस्थ होतं, असा निर्वाळा अध्यक्षांनी दिला. ड्रम उसनेच दिले होते, वाद मिटल्यावर परत यायचे होते. म्हणून त्यांची बुचं पक्की आवळून, ती उघडायचा पाना चिटणिसांच्या घरी खिळ्याला टांगण्यात आला.

उसनी दिलेली वस्तू म्हणजे आपली मालमत्ता, आणि मालमत्ता म्हटली की देखरेख आली. पिवळी जाकिटं घातलेले दोन शांतता-निरीक्षक मैदानात उभे राहू लागले. पन्नास अंशांत ते उभे कुठे राहणार? बोरीखाली. एका दुपारी नऊ नंबरची कुठली तरी गाडी मागे येताना एका निरीक्षकाच्या चपलेवरून गेली. चपलेत पाय नव्हता. निरीक्षक शेजारी पथारीवर आडवे झाले होते. पण चप्पल आठ नंबरची होती, चाक नऊचं होतं, आणि घटना दिवसाढवळ्या घडली होती. चप्पल लिफ्टसमोर काचेच्या पेटीत ठेवण्यात आली. लोक बाजारात जाता-येता तिच्यापाशी थांबू लागले. एरवी एकमेकांची नावं माहीत नसलेली बिऱ्हाडं त्या चपलेमुळे जवळ आली. रविकांतराव म्हणाले, एकी म्हणतात ती हीच.

चपलेनंतर गाफील राहणं परवडणारं नव्हतं. जादा ड्रम आले, खांब, साखळ्या, निरीक्षकांसाठी खाटा आणि कूलर आले. सगळं तळघरात उतरवलं. तळघर भरलं, तेव्हा त्यातल्या चोवीस गाड्या बाहेर उन्हात निघाल्या. पहिल्याच दिवशी स्टिअरिंगला हात भाजल्यावर, बोरीखालच्या सावलीवर आपला ऐतिहासिक हक्क असल्याचं आठ नंबरच्या एकेका रहिवाशाला आठवू लागलं.

“बघा,” रविकांतराव म्हणाले, “मी म्हणत नव्हतो? या प्रश्नात आपले हितसंबंध आहेत.”

सोमवारी दुपारी एकला शेवटचा ठराव गटावर पडला. त्यात लढाई हा शब्द नव्हता. बोरीखालची सावली आठ नंबर विश्वस्त म्हणून ताब्यात घेईल, मंगळवार दुपारी एकपासून, सभोवती ड्रमांची शांतता-रेषा आखून. मसुदा तुळशीदासांचाच होता, आणि भाषा निर्दोष होती.

“मंगळवार,” सुहासिनी म्हणाली. “अहो, मंगळवारी काय असतं?”

तुळशीदासांना माहीत होतं. त्यांनी अध्यक्षांना फोन केला. अध्यक्ष अतिशय सौजन्याने बोलले. हरकत जरूर घ्या, कोरगावकर, लोकशाही आहे. मग सात आणि नऊ दोघांशी बोलणारी समिती तुमची, चोवीस गाड्यांची सोय तुमच्याकडे, आणि हो, चपलेचा प्रश्नही तुम्हीच मिटवायचा.

तुळशीदासांनी फोनवर ‘हरकत आहे’ असं टाइप केलं. ठराव कुणी कुणी वाचला ते पाहिलं. तेवीसही घरांत वाचून झाला होता. तेविसांपैकी कुणीतरी लिहील म्हणून ते थांबले. संध्याकाळी त्यांनी ‘आहे’ खोडलं. सकाळी ‘हरकत’ही खोडली. एक वाजता ठराव मंजूर झाला.

तौफीकने नेहमीप्रमाणे एकला गाडी बोरीखाली लावली आणि तो जेवायला घरी गेला. पाऊण तासात गाडीभोवती बारा ड्रम मांडून भरून झाले. गाडी पूर्ण सावलीत होती, हे वहीत नमूद आहे.

अडीच वाजता तो आठ नंबरच्या तिसऱ्या मजल्यावर, तुळशीदासांच्या दारात आला. अंमलबजावणीसाठी तुळशीदासांनी अर्ध्या दिवसाची रजा काढली होती. तौफीक चढून आल्याने धापा टाकत होता, पण आवाज चढलेला नव्हता.

“तुळशीभाऊ, एका ड्रमाचं बूच काढ. बस. नूर खाली जिन्यात बसलीय.”

तुळशीदासांनी खिळ्यावरून पाना काढला. तो हातात धरूनच ते म्हणाले, “तसा ठराव झालाय रे.”

“किती जणांनी हो म्हटलं?”

“हो असं कुणी म्हटलं नाही.”

“मग नाही किती जणांनी म्हटलं?”

“तेही कुणी नाही.”

“मग केलं कुणी?”

या प्रश्नाला वहीत रकाना नव्हता. तुळशीदासांनी एका हाताने फोन उघडला आणि गटावर तातडीचा प्रस्ताव टाकला: वैद्यकीय कारणास्तव एक बूच उघडण्यास परवानगी असावी. तेवीस घरांनी तो चार मिनिटांत वाचला. कुणाचीच हरकत आली नाही. म्हणजे नियमानुसार परवानगी मिळणार होतीच, चोवीस तासांनी.

सुहासिनीने त्यांच्या हातातल्या पान्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं, आणि दोन्हींतलं एकही उपयोगाचं नाही असं ठरवून छत्री उचलली. खिडकीतून तुळशीदासांना तिघं दिसली. मधे नूरबानू, एका बाजूला तौफीक, दुसऱ्या बाजूला छत्री धरलेली सुहासिनी, टॅक्सीसाठी मोठ्या रस्त्याकडे निघालेली. झळांनी थरथरणारी दुपार होती. बोरीपाशी नूरबानू थांबली, ड्रमाला हात टेकला, चटका बसला तसा काढला. नंतर ती खाली बसली. पिवळ्या जाकिटांतले दोघं उठून उभे राहिले. त्यांना फक्त बघायचे अधिकार होते. ते त्यांनी बजावले.

नूरबानूला इस्पितळात पोचायला पाऊण तास उशीर झाला. पाच दिवस तिला तिथेच ठेवून घेतलं. भाकऱ्या करणारा हात आता थरथरतो, असं सुहासिनी सांगते. तुळशीदासांना नव्हे, त्यांच्या देखत भिंतीला.

बुधवारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी परवानगी मंजूर झाली. तुळशीदासांनी खाली जाऊन एक बूच उघडलं. पाणी रेतीत गेलं, ड्रम हलका झाला, त्यांनी तो एका हाताने बाजूला सरकवला. एवढंच काम होतं. तौफीक आला, गाडी काढली आणि दूरच्या एगैला भागात राहायला नवं घर बघायला गेला. जाताना त्याने काच खाली केली नाही.

मग तुळशीदासांनी पहिल्या ठरावापासून शेवटच्या बुचापर्यंत सगळी हकिकत, कुणाची बाजू न घेता, लिहून काढली आणि प्रसृत केली. ती हीच. आठ नंबर या युद्धात कधीही नव्हता, असं तिच्यातून सिद्ध होतं, हे अध्यक्षांनीही मान्य केलं आहे.

आपण ती इथपर्यंत वाचली आहे, याची नोंद झाली. कलम चार आपल्यालाही लागू आहे. हरकत असेल तर समितीचं अध्यक्षपद अजून रिकामं आहे.