सोडलेल्या पेटंटचे पाठकोरे कागद

कोणता कागद किती वर्षं ठेवायचा हे आमच्या कंपनीत माझ्याइतकं कोणालाच कळत नाही, असं मी नम्रपणे सांगत असे. नम्रपणे, पण सगळ्यांना.

आम्ही डब्यांची झाकणं बनवतो. काही झाकणांची पेटंटं घेतो, काहींचे अर्ज अर्ध्यात सोडून देतो. त्या सोडलेल्या फायलींनी रेकॉर्ड रूम इतकी तुंबली होती, की आत शिरायचं तर मला पोट आत ओढून आडवं चालावं लागे. मग नियम मीच केला: पेटंट सोडून सात वर्षं झाली, की फाईल श्रेडरमध्ये. साहेबांनी न वाचता सही केली. मी एका दुपारी सत्तर फायलींचा भुसा पाडला आणि रजिस्टरात लिहिलं, ‘सर्व कागद नष्ट. एकही शिल्लक नाही.’ खाली माझी वळणदार सही.

आता कबुली देते. माझा रोजचा नेम आहे. अंघोळ झाली, की देवाचं नाव एकशेआठ वेळा लिहायचं, मगच चहा. त्यासाठी नवा कागद वापरायचा नाही, हा पोटनेम. त्या फायलींतले पाठकोरे कागद दिसले आणि श्रेडरवरचा माझा हात अडला. चाळीसेक निवडून घरी आणले, रोज एक लिहून काढला. नाव लिहिलं, की कागद कंपनीचा राहिला कुठे? तो देवाचा झाला. म्हणजे रजिस्टरातलं खरंच आहे, अशी मी मनाची समजूत घातली.

तीन महिन्यांनी साहेब दारात.

“ताई, ते दुहेरी खाचेचं झाकण. अर्ज सोडला होता, गेल्या वर्षी पुन्हा बनवायला घेतलं, तेच. त्याची फाईल?”

“सोडून नऊ वर्षं झाली. नियमाप्रमाणे भुसा.”

साहेब खुर्चीत बसले. खुर्ची माझी होती. “दुसऱ्या कंपनीने त्याच झाकणाचं पेटंट घेतलंय. म्हणतात, आम्ही चोरलं, बनवणं थांबवा. आपण ते त्यांच्या आधी गिऱ्हाइकांना दाखवलं होतं, याचा कागद हवा. नाहीतर ते यंत्र बंद आणि त्यावरची बारा माणसं घरी.”

कंपनीच्या वकीलबाई आल्या. “सात वर्षं कोणी ठरवली?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

“फीच्या पावत्या टाका हो,” वकीलबाई म्हणाल्या. “पण झाकणांचे नकाशे, तारखा, गिऱ्हाइकांच्या सह्या? पेटंट आपण सोडतो, ते आपल्याला सोडत नाही.”

“समजा, एखादा कागद वाचला असेल तर?” मी हळूच विचारलं.

“रजिस्टरात तर एकही शिल्लक नाही.”

“समजा, लिहिणारीने खोटं लिहिलं असेल.”

साहेबांनी चष्मा काढला. “ताई, तुम्ही? तुम्ही तर पेन्सिलसुद्धा सही करून नेता.”

घरी त्या लिहिलेल्या कागदांचा गठ्ठा सासूबाईंच्या उशीखाली होता. देवाच्या नावाने डोकेदुखी थांबते, असं त्या म्हणत.

“देवाचं नाव वकिलांच्या हातात देणार?”

“आई, बारा घरांच्या पोटाचा प्रश्न आहे.”

त्यांनी उशी उचलली. “ने. पण हात धुऊन धरायला सांग.”

दोन्हीकडचे वकील खरंच हात धुऊन बसले. गठ्ठ्यात तो नकाशा निघाला! दुसऱ्या कंपनीचे म्हातारे वकील भिंग घेऊन तो अर्धा तास उलटसुलट पाहत होते. पुढे झाकण, मागे देव.

“नकाशा खरा,” ते अखेर म्हणाले. “गिऱ्हाइकाची सही खरी, तारीख आमच्या आधीची. आम्ही तक्रार मागे घेतो.”

मी मनातल्या मनात देवाचे पाय धरले.

“पण बाई, मी कागदाच्या दोन्ही बाजू तपासतो. मागे नावं एकशेसातच आहेत.”

मी पेन उघडलं. वकीलबाईंनी मनगट धरलं.

“ताई, पुराव्यावर काही लिहायचं नाही.”

“एकच नाव.”

“अर्धंसुद्धा नाही.”

बारा माणसं कामावर आहेत. माझीही नोकरी शाबूत आहे. देवाचे उपकार मानावे तेवढे थोडेच. आता नियम असा: सोडलेल्या पेटंटचे नकाशे आणि सह्या कायम जपायच्या. साहेबांनी यावेळी वाचून सही केली. हाही नियम मीच सुचवला. माझा चुकलेला नेमसुद्धा त्यामुळे नोंद क्रमांकासह कायमचा जपला जाणार, हे तेव्हा लक्षात आलं नाही.